तीन जन्मतारखा

दरवर्षी तीस एप्रिलला संध्याकाळी मला फ्रान्सहून फोन येतो. "सर, आज कामेरोन." मी म्हणतो, "हो रे बाबा, लक्षात आहे." मग इकडचा उन्हाळा, तिकडची हवा, माझे गुडघे, त्याची मुलगी असं दहा मिनिटं बोलणं होतं आणि फोन संपतो. आमच्या सौ.ना सुरुवातीला कामेरोन हे एखाद्या औषधाचं नाव वाटलं होतं. नातवाने या दिवसाला 'आजोबांची परदेशी जयंती' असं नाव ठेवलंय. खरं तर ती जयंती नाही, पुण्यतिथी आहे. पण ते पुढे येईलच.

फोन करणारा माझा विद्यार्थी. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एक तर त्याला ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे नावाच्या बाबतीत या मुलाचं आधीच पुष्कळ झालंय. जन्मतारखेच्या बाबतीत जे झालं ते मात्र मी केलं. बरीच वर्षं लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहून टाकतो.

सातारा जिल्ह्यातल्या माणसाला फौजेचं वेगळं सांगायला नको. आमच्याकडे 'अपशिंगे मिलिटरी' असं एका गावाचं नावच आहे. मी ज्या गावात शिकवत होतो तिथेही दर दोन घरांआड भिंतीवर गणवेशातला एक फोटो. दहावीच्या वर्गात "पुढे काय करणार?" असं विचारलं की निम्मे हात "भरती होणार" म्हणून वर. या मुलाचा हात सगळ्यात आधी. पहाटे चारला उठून रस्त्याने धावायचा. अभ्यासात बेताचा, पण इतिहासात पक्का, कारण इतिहासात लढाया असतात.

1996-97 साली मी त्याचा वर्गशिक्षक होतो. बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस. जनरल रजिस्टर उघडून एकेका मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख उतरवून घ्यायची. साठाच्या वर मुलं, आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. याची जन्मतारीख 14 ऑक्टोबर 1981. मी 1980 लिहिलं. वरच्या ओळीतल्या मुलाचं साल 1980 होतं, डोळा एक ओळ घसरला, एवढंच. मुलाने सही केली, वडिलांनी अंगठा उठवला. सरांचं अक्षर कोण तपासणार?

चूक बाहेर आली पाच वर्षांनी. पहिल्या भरतीत त्याची छाती कमी भरली. दुसऱ्या खेपेला धावताना पाय मुरगळला. जानेवारी 2002 मध्ये तो सगळ्यात पास झाला आणि कागदपत्रांच्या टेबलावर अडला. फौजेत शिपाई म्हणून जायचं तर तेव्हा वय एकवीसच्या आत लागायचं. मुलगा होता वीस वर्षं तीन महिन्यांचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकवीस वर्षं तीन महिने.

त्याचे वडील संध्याकाळी माझ्याकडे आले. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र असे दोन कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, "सर, यातलं खरं कंचं?" आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी रजिस्टर घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो, प्रतिज्ञापत्रं केली. दुरुस्तीची मुदत केव्हाच उलटली होती. ऑक्टोबर आला, मुलाला खरोखरची एकवीस पूर्ण झाली आणि विषय संपला. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले तेव्हा मुलगा म्हणाला, "जाऊ द्या सर." त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

पुढे तो मुंबईला गेला आणि तिथून प्रवासी जहाजाच्या लाँड्रीत कामाला लागला. जहाजावरच्या एका नेपाळी मित्राने त्याला सांगितलं की फ्रान्समध्ये परदेशी माणसांची एक फौज आहे. तिथे शिक्षण विचारत नाहीत, भाषा येत नसली तरी चालते, आणि वय एकोणचाळीसपर्यंत चालतं. 2005 साली काँट्रॅक्ट संपून तो मार्सेय बंदरात उतरला, बस पकडून जवळच्या ओबान्य गावी गेला आणि फॉरेन लीजनच्या दारात उभा राहिला. चाचण्या झाल्या, निवड झाली. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला नवं नाव दिलं. आद्याक्षरं तीच, बाकी सगळं नवं: जन्मगाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख. (2010 पासून खऱ्या नावानेही भरती होता येतं, पण याच्या वेळी तसं नव्हतं.)

हे सगळं त्याने मला सांगितलं 2014 च्या दिवाळीत, आमच्या ओट्यावर बसून. नऊ वर्षांनी आला होता. खांदे रुंद झालेले, मराठीत मधेच एखादा फ्रेंच शब्द. म्हणाला, "सर, तुम्ही एक वर्षच चुकवलंत. त्यांनी तर आईबापच बदलले!" आणि मोठ्याने हसला. मला काही हसता आलं नाही. त्याचे वडील 2007 साली गेले तेव्हा त्याच्याकडे ना पासपोर्ट होता, ना स्वतःचं नाव. दहाव्याला काकाने केस काढले.

जाताना त्याने मला रेजिमेंटचा एक तिकोनी बिल्ला दिला. त्यावर पंखांचा ड्रॅगन आहे. तो गेल्यावर मी वाचायला बसलो. नातवाकडून इंटरनेटवरचं उतरवून घेतलं, शब्दकोश मांडीवर घेऊन दिएन बिएन फूवरचं बर्नार्ड फॉल यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचलं. पापाचं प्रायश्चित्त म्हणून मास्तर दुसरं काय करणार?

तर ही रेजिमेंट. दुसरी परदेशी छत्रीधारी रेजिमेंट. फ्रेंच आद्याक्षरांवरून सगळे तिला 'रेप' म्हणतात. लीजन 1831 मध्ये राजा लुई फिलिपने उभी केली, पण तिच्यात विमानातून उड्या मारणारी तुकडी आली 1948 साली. अल्जीरियातल्या सेतीफ गावी ऑक्टोबरमध्ये ही बटालियन उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी इंडोचायनाला गेली. बिल्ल्यावरचा ड्रॅगन तिथला. तिचा एक कमांडर राफाली 1952 मध्ये तिथे जखमी होऊन मेला. आज कॉर्सिका बेटावर काल्वी गावाजवळ रेजिमेंटची छावणी आहे, तिला त्याचंच नाव आहे.

एप्रिल 1954 मध्ये, दिएन बिएन फूला वेढा पडलेला असताना, या बटालियनला रात्री त्या खोऱ्यात उतरवलं. बाहेर पडायचा रस्ता नाही हे वर विमानात बसलेल्यांनाही ठाऊक होतं. 23 एप्रिलला एक गेलेलं ठाणं परत घ्यायला त्यांना पाठवलं आणि बटालियन जवळजवळ संपली. उरलेली माणसं लीजनच्याच पहिल्या छत्रीधारी बटालियनच्या उरलेल्यांत मिसळली. 7 मे रोजी सगळंच पडलं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सने आपल्याकडे दिला. एका मोठ्या घराची खोल्याखोल्यांनी मोडतोड चालली होती, त्यातल्या या दोन खोल्या. एक गोळीबाराने रिकामी झाली, दुसरी सहीने. माझं मन अर्थातच व्हिएतनामी माणसांच्या बाजूचं. पण तो जर्मन किंवा स्पॅनिश पोरगा, जो फ्रान्सचाही नव्हता आणि व्हिएतनामचाही नव्हता, तो तिथे कुणासाठी उतरला हा प्रश्न काही सुटेना.

त्याचं उत्तर, मला वाटतं, कामेरोनमध्ये आहे. 30 एप्रिल 1863. फ्रान्सने मेक्सिकोवर लादलेली लढाई. कॅप्टन दांझू आणि लीजनचे आणखी चौसष्ट जण कामेरोन नावाच्या वाडीत अडकले. समोर सुमारे दोन हजार मेक्सिकन. पाणी नाही, अन्न नाही. दिवसभर झुंजले. दांझू दुपारच्या आधीच मेला. संध्याकाळी शेवटचे पाचसहा जण संगिनी लावून बाहेर पडले. लढाई हरले, पुढे ते युद्धही फ्रान्स हरला. दांझूचा एक हात आधीच तुटलेला होता, जागी लाकडी हात होता. तो लाकडी हात नंतर सापडला आणि आता ओबान्यला जपून ठेवलेला आहे. दर तीस एप्रिलला तो मिरवत आणतात. जिथे जिथे लीजनची तुकडी असेल तिथे त्या लढाईची हकीकत उभ्याने वाचून दाखवतात. दिएन बिएन फूच्या खंदकांतही 30 एप्रिल 1954 ला कामेरोन साजरा झाला.

त्या दिवशी पहाटे अधिकारी स्वतः शिपायांना झोपेतून उठवून कॉफी देतात. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पहिल्या वर्षी कॅप्टन कप घेऊन खाटेजवळ आला तेव्हा मला वाटलं काहीतरी चुकलंय माझं." नाताळला अधिकारी घरी बायकामुलांकडे जात नाहीत, जवानांबरोबर जेवतात, कारण जवानांना जायला घर नसतं. प्रत्येक कंपनी येशूजन्माचा देखावा करते आणि त्यात चुरस असते. त्या गोठ्यात बैल लागतो. याच्या पहिल्या नाताळात बैल यानेच केला. बेंदराला मातीचे बैल करणारा हात तो! कंपनीतल्या एका ब्राझिलच्या पोराने विचारलं, तुमच्याकडे पण येशू असतो का? हा म्हणाला, येशू नाही, पण बैल असतो.

असलं काही ऐकलं की मला त्या पलटणीबद्दल माया वाटू लागते. फ्रान्सच्या बाकी पलटणींच्या निशाणावर 'सन्मान आणि मायभूमी' असे शब्द असतात. लीजनच्या निशाणावर 'सन्मान आणि निष्ठा'. मायभूमी काढून टाकली, कारण ती प्रत्येकाची वेगळी. आणि रेपचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, 'मोरे मायोरुम'. अर्थ, पूर्वजांच्या रीतीने. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ज्या पोरांच्या कागदावर बापाचं नावसुद्धा खोटं, त्यांचं ब्रीदवाक्य पूर्वजांच्या रीतीने! पण मग विचार केला, म्हणूनच ते असेल. ज्याला घरातले पूर्वज उरले नाहीत त्याला दांझू देतात, राफाली देतात. आमच्या मुलांना आम्ही बाजीप्रभू शिकवतो तेव्हा तो आपल्याच मुलखातला असतो, घोडखिंड आपण चालत जाऊन बघू शकतो. या पोरांना पूर्वज पाठ करावे लागतात. चालही शिकावी लागते. फ्रेंच सैन्य मिनिटाला एकशेवीस पावलं चालतं, लीजन अठ्ठ्याऐंशी. संथ, जड, नांगरामागून चालल्यासारखी. टोपी हिरवी, बाकी फ्रेंच छत्रीधाऱ्यांची लाल. टोपीवरच्या बिल्ल्यात पंख फुटलेला एक हात आहे आणि त्या हातात खंजीर. एक हात लाकडाचा, एक पंखांचा.

पण पूर्वज घेतले की त्यांचं सगळंच घ्यावं लागतं. हे मी त्यालाही बोलून दाखवलंय.

दिएन बिएन फूनंतर बटालियन पुन्हा उभी केली. 1 डिसेंबर 1955 ला ती रेजिमेंट झाली आणि अल्जीरियात लढली. तिथे फ्रेंच छत्रीधाऱ्यांनी काय केलं हे आता लपलेलं नाही. माणसं पकडून विजेचे झटके दिले, पाण्यात बुडवलं. एप्रिल 1961 मध्ये अल्जीरिया सोडायला तयार नसलेल्या चार सेनापतींनी द गॉलच्या सरकारविरुद्ध बंड केलं. त्यात सर्वांत पुढे होती लीजनची पहिली छत्रीधारी रेजिमेंट, म्हणजे रेपची थोरली बहीण. तिचा त्या वेळचा प्रमुख देनुआ द सँ मार्क. हा माणूस तरुणपणी नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत बाहेर आलेला! बंड चार दिवसांत कोसळलं. पहिली रेजिमेंट कायमची बरखास्त झाली, तीही 30 एप्रिल 1961 ला, नेमकी कामेरोनच्या दिवशी. जवान ट्रकमधून छावणी सोडून गेले ते एदिथ पियाफचं, कशाचाही पश्चात्ताप नसल्याचं गाणं म्हणत. सँ मार्कला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि पन्नास वर्षांनी, 2011 मध्ये, त्याच देशाने त्याला सर्वोच्च सन्मान दिला. यातलं मुलांना काय शिकवायचं? मी चाळीस मिनिटांच्या तासात हे बसवू शकलो नसतो.

बंडात दुसऱ्या रेजिमेंटचेही लोक होते, पण ती वाचली. 1967 मध्ये काल्वीला आली. कुणाला डोंगर, कुणाला समुद्र, कुणाला शहरातल्या गल्ल्या अशी एकेका कंपनीला खास विद्या दिली गेली. मग मे 1978 मध्ये आफ्रिकेत, तेव्हाच्या झैरे देशातल्या कोलवेझी या तांब्याच्या खाणींच्या गावात बंडखोर शिरले आणि कत्तल सुरू झाली. गोरे मेले, त्याहून पुष्कळ काळे मेले. 19 मे रोजी रेपचे चारशेच्या आसपास जवान तिथे उतरले. त्यांची स्वतःची पॅराशूटं आलीच नव्हती. झैरेच्या फौजेकडची अमेरिकन पॅराशूटं उसनी घेतली, त्यांना यांच्या सामानाच्या पिशव्या बसेनात, तेव्हा दोऱ्या आणि तारांनी बांधल्या. खाली माणूसभर गवत. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले उतरले. दोन हजारांवर परदेशी लोक सुटले. रेजिमेंटचे पाच जण गेले. रेपमध्ये आजही ही उडी नव्या पोरांना सांगतात.

त्या मोहिमेचा प्रमुख कर्नल एरुलँ. फ्रान्समध्ये तो वीर ठरला. आणि त्याच्यावर अल्जीरियात लेफ्टनंट असताना छळ केल्याचा आरोप होता. आरोप करणारा आंरी अलेग, ज्याने स्वतःवर झालेल्या छळाचं पुस्तक 1958 मध्ये लिहिलं, फ्रान्स सरकारने ते जप्त केलं. एरुलँ 1979 मध्ये वारला. हे मी फोनवर विचारलं तेव्हा माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, कोलवेझीतून सुटलेल्या माणसांना विचारलंत तर ते दुसरं सांगतील." मी म्हटलं, "अलेगला विचारलं तर?" तो म्हणाला, "ते पण खरंच." आमचं भांडण झालं नाही. पण त्या वर्षी फोन पाच मिनिटांतच संपला.

तो स्वतः लढाईचं फार सांगत नाही. 27 जानेवारी 2013 च्या रात्री रेपचे सुमारे अडीचशे जण माली देशात टिंबक्टू शहराच्या उत्तरेला उतरले, बाहेर पडायच्या वाटा अडवायला. हा त्यात होता. मी उत्सुकतेने विचारलं, "कसं वाटलं रे?" तर म्हणे, "अंधार होता सर. आणि वाळू." इतकंच. टिंबक्टूत शेकडो वर्षांची हस्तलिखितं आहेत, ती तिथल्या लोकांनी पेट्यांत भरून लपवून वाचवली, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. एवढं तरी मास्तरकडून गेलं.

26 जानेवारी 2024 ला दिल्लीच्या कर्तव्यपथावर फ्रेंच तुकडी चालली. ती लीजनची होती, पांढऱ्या टोप्यांची. रेप नव्हे, लीजनची दुसरी पायदळ रेजिमेंट. त्यात सहा भारतीय जवान होते असं वर्तमानपत्रांत आलं होतं. मी टीव्हीसमोर बसलो होतो. तुकडी येताच त्याचा फोन आला. तो 2022 मध्ये निवृत्त झालाय, दक्षिण फ्रान्समध्ये एका गोदामाची सुरक्षा बघतो. दोघंही काही बोलत नव्हतो, दोन्हीकडे टीव्हीचा एकच आवाज चालू होता, तिकडचा थोडा उशिरा. तुकडी राष्ट्रपतींसमोरून गेली तेव्हा तो म्हणाला, "बाबांनी हे बघायला पाहिजे होतं." आपल्या फौजेतून दिल्लीत चालायचं त्याचं स्वप्न होतं, हे मला ठाऊक होतं. आणि ते कुणामुळे राहिलं हेही. मी पुन्हा एकदा ते बोलायला गेलो, तर म्हणाला, "सर, फ्लोट बघा, मणिपूरचा आलाय."

नाव त्याला केव्हाच परत मिळालं. काही वर्षांची नोकरी झाली की लीजन खऱ्या कागदांवरून नाव, गाव, आईबाप परत देते. जन्मतारीखही देते. पण खरा कागद म्हणजे पासपोर्ट, आणि पासपोर्ट निघाला होता दहावीच्या प्रमाणपत्रावरून. त्यामुळे फ्रेंच सरकारने अत्यंत काळजीपूर्वक चौकशी करून त्याला 14 ऑक्टोबर 1980 ही तारीख परत दिली. पुढे तो फ्रेंच नागरिक झाला, भारतीय पासपोर्ट गेला, तरी माझी चूक तेवढी त्याच्याबरोबर राहिली, आता तिच्यावर फ्रान्सचा शिक्का आहे. "एक तारीख आईची, एक लीजनची, एक तुमची," तो म्हणतो. वाढदिवस आईच्या तारखेला करतो. बँकेत तुमची चालते, म्हणतो.

लग्न त्याने आमच्याच भागातल्या मुलीशी केलं. उशिरा मुलगी झाली. तिच्या जन्मानंतर चौथ्या दिवशी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. नगरपालिकेचा जन्मदाखला, सगळा फ्रेंचमध्ये. खाली त्याने मराठीत लिहिलं होतं, "सर, सही करायच्या आधी एकदा तपासून द्या."

मी चष्मा लावला, भिंगही घेतलं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, दिवस, महिना, साल. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, ओळ घसरू नये म्हणून खाली पट्टी धरली. दोनदा वाचलं. सौ. म्हणाल्या, अहो, फ्रेंच येतं का तुम्हाला? मी त्यांना गप्प बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि मग त्याला कळवलं, "बरोबर आहे."